चाळीस वर्षांपूर्वी काय काम करत होता?

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यातली माणसं कपाशीच्या शेतातून थेट दवाखान्यात येऊ लागली. फवारणी करता करता डोळ्यांपुढे अंधारी, उलट्या, कोंडलेला श्वास. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या वॉर्डांत रांग लागली. वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो आजारी पडले, सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं. त्या दुर्घटनेबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. पण एक साधी गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. विष आणि त्याचा परिणाम यांत अंतर होतं फक्त काही तासांचं. सकाळी पंप पाठीवर, संध्याकाळी माणूस खाटेवर. बाटली घरात होती, दुकानदाराचं बिल होतं, साक्षीला अख्खा शिवार होता. कारण शोधायला कुणाला संशोधक व्हावं लागलं नाही.

हेच अंतर तीस-चाळीस वर्षांचं असतं तर?

या पानांचा विषय असलेल्या आजारात ते तेवढंच असतं. त्याचं नाव मेसोथेलिओमा. हा कर्करोग बहुतांशी एकाच गोष्टीमुळे होतो, ॲस्बेस्टॉसचे तंतू श्वासावाटे आत गेल्यामुळे. तंतू आत गेल्यापासून गाठ दिसेपर्यंत साधारण वीस ते पन्नास वर्षं जातात. पंचविशीत कारखान्यात राबलेला माणूस साठी उलटल्यावर, गावी परतून, नातवंडांत रमलेला असताना आजारी पडतो. तोवर कारखाना बंद झालेला असतो, मुकादम वारलेला असतो आणि त्या धुळीची आठवण खुद्द त्या माणसालाही उरलेली नसते.

आधी हा आजार बसतो कुठे ते पाहू. फुप्फुसाभोवती एक पातळ, दुपदरी आवरण असतं, त्याला प्लुरा म्हणतात. श्वास घेताना फुप्फुस बरगड्यांवर घासू नये म्हणून ते असतं. तसंच आवरण पोटातल्या आतड्यांभोवती आणि हृदयाभोवतीही असतं. या आवरणांच्या पेशींतून उगवणारा कर्करोग म्हणजे मेसोथेलिओमा. तो फुप्फुसाच्या नेहमीच्या कर्करोगाहून वेगळा. तो एखाद्या ठिकाणी गोळा होऊन बसत नाही, आवरणावरून पसरत जातो आणि फुप्फुसाला चहूबाजूंनी जखडून टाकतो. सुरुवातीला तक्रारी अगदी साध्या असतात: चालताना दम, एका बाजूला छातीत दुखणं, कोरडा खोकला, वजन उतरणं. एक्स-रे काढला की छातीत पाणी दिसतं.

आणि इथेच घोळ सुरू होतो. छातीत पाणी म्हटलं की आपल्याकडे पहिला संशय टीबीचा. तो संशय चुकीचा नाही. भारतात छातीत पाणी होण्याच्या सर्वांत नेहमीच्या कारणांपैकी ते एक आहेच. पाणी काढतात, टीबीची औषधं सुरू होतात, माणसाला चार दिवस बरंही वाटतं. पाणी पुन्हा भरतं. औषधं बदलतात. नुसत्या पाण्याच्या तपासणीत मेसोथेलिओमाच्या पेशी अनेकदा हाती लागत नाहीत. त्यासाठी दुर्बिणीनं आवरणाचा तुकडा घ्यावा लागतो आणि त्या तुकड्यावर विशेष रंग-चाचण्या कराव्या लागतात. हे सारं होईपर्यंत महिने निघून जातात आणि या आजारात महिने म्हणजे फार मोठी गोष्ट.

टीबीच्या आडोशाला लपलेला हा कर्करोग जगाला पहिल्यांदा नीट दिसला तोही एका टीबी रुग्णालयातच. दक्षिण आफ्रिकेतल्या किंबर्ली या हिऱ्यांच्या गावात डॉ. स्लेग्ज टीबीचं रुग्णालय पाहत. त्यांच्या ध्यानात एक विचित्र गोष्ट आली. छातीत पाणी झालेले जे रुग्ण किंबर्लीच्या पूर्वेकडून येत ते टीबीच्या औषधांनी सुधारत. पश्चिमेकडून येणारे सुधारत नसत. औषधं तीच, डॉक्टर तेच, फरक फक्त गावाच्या दिशेचा. पश्चिमेला होत्या निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणी. जोहान्सबर्गचे विकृतिशास्त्रज्ञ ख्रिस वॅग्नर यांना १९५६ मध्ये एका मजुराच्या शवविच्छेदनात अशीच गाठ सापडली होती. त्याला हयातीत टीबीच समजलं गेलं होतं. वॅग्नर, स्लेग्ज आणि शल्यविशारद मार्शां यांनी मग गावोगावचे रुग्ण गोळा केले आणि प्रत्येकाला आयुष्याचा इतिहास विचारला. १९६० मध्ये त्यांनी ३३ रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. एक वगळता सगळ्यांचा निळ्या ॲस्बेस्टॉसशी संबंध निघाला. त्यातले कित्येक खाणकामगार नव्हतेच. खाणींच्या आसपास वाढलेले, लहानपणी तंतूंच्या ढिगाऱ्यांवर घसरगुंडी खेळलेले असे ते लोक होते.

या शोधाला फार मोठं यंत्र लागलं नाही, हे विशेष. लागला तो एक प्रश्न: कुठे वाढलात, काय काम केलंत?

पाच वर्षांनी, १९६५ मध्ये, म्युरिएल न्यूहाउस आणि हिल्डा थॉम्प्सन या दोघींनी लंडनमध्ये हाच प्रश्न घेऊन ७६ मेसोथेलिओमा रुग्णांचा माग काढला. ३१ जणांनी ॲस्बेस्टॉसच्या कामात हात घातला होता. नऊ जणांचा कारखान्याशी संबंध घरच्या माणसापुरता होता. त्यात नवऱ्याचे धुळीनं भरलेले कामाचे कपडे झटकून धुणाऱ्या बायका होत्या. आणि राहिलेल्यांतले अकरा जण कारखान्यापासून अर्ध्या मैलाच्या आत राहत होते, एवढंच. म्हणजे पगार एकानं घेतला आणि आजार दुसऱ्याला झाला. आपल्याकडच्या गिरणी आणि कारखान्यांच्या चाळींचा विचार केला, तर हा आकडा अंगावर आल्याशिवाय राहत नाही.

ॲस्बेस्टॉस हा कुणी कारखान्यात बनवलेला पदार्थ नाही. ते खडकात सापडणारं खनिज आहे, आणि त्याची खुबीच त्याच्या घातकपणाचं कारण आहे. ते उभं चिरत जातं. जितकं चिराल तितके बारीक तंतू निघतात, डोळ्यांना न दिसण्याइतके. ते जळत नाहीत, कुजत नाहीत, आम्लात सहजी विरघळत नाहीत. उद्योगाला हेच हवं होतं: बॉयलरची वेष्टणं, ब्रेकच्या लायनिंग, आगीपासून बचावाचे कपडे, पाण्याचे पाईप, घरांचे पत्रे. शरीराला हे गुण परवडत नाहीत. आत गेलेला लांबट तंतू पेशींना गिळता येत नाही आणि बाहेरही टाकता येत नाही. तो आवरणापर्यंत सरकतो, तिथे वर्षानुवर्षं दाह पेटता ठेवतो, पेशींच्या जनुकांत बिघाड करतो. निळा आणि तपकिरी ॲस्बेस्टॉस सर्वांत वाईट. पांढरा, म्हणजे क्रायसोटाइल, शरीरातून त्यामानानं लवकर निघतो. पण 'पांढरा निर्धोक' हा उद्योगाचा दावा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं मान्य केलेला नाही. तिच्या लेखी ॲस्बेस्टॉसचे सगळे प्रकार कर्करोगजनक आहेत, त्यांनी मेसोथेलिओमा होतो आणि फुप्फुसाचा कर्करोगही. बिडी-सिगारेटचा मुद्दा इथे स्पष्ट करायला हवा. धूम्रपानानं मेसोथेलिओमा होत नाही. मात्र ॲस्बेस्टॉसच्या धुळीत राबलेल्या माणसानं बिडी ओढली तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी चढतो. 'बिडी ओढत होता, म्हणून गेला' एवढ्यावर एखाद्या कामगाराची फाइल बंद करणं म्हणूनच अर्धसत्य ठरतं.

आता हा धागा महाराष्ट्रात आणू.

इंग्लंडमध्ये रॉकडेल नावाचं गाव आहे, मूळचं कापसाच्या गिरण्यांचं. तिथल्या टर्नर ब्रदर्स कंपनीत नेली केर्शॉ ही बाई ॲस्बेस्टॉसचं सूत कातत असे. १९२४ मध्ये, वयाच्या ३३ व्या वर्षी ती फुप्फुसं निकामी होऊन वारली. डॉ. विल्यम कूक यांनी तिच्या फुप्फुसात ॲस्बेस्टॉसचे कण दाखवले आणि ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ते छापून आलं. तिला झाला होता ॲस्बेस्टॉसिस, फुप्फुस घट्ट करत नेणारा आजार, कर्करोग नव्हे. पण धूळ तीच. कंपनीनं जबाबदारी नाकारली. हीच कंपनी पुढे 'टर्नर अँड न्यूऑल' या मोठ्या समूहाचा भाग झाली, आणि त्या समूहाचं एक अपत्य मुंबईच्या घाटकोपरमध्ये उभं राहिलं: हिंदुस्तान फेरोडो. ब्रेक लायनिंग आणि ॲस्बेस्टॉसचं कापड तिथे बनत असे. पुढे मालकी बदलली, नाव हिंदुस्तान कॉम्पोझिट्स झालं. शेजारी मुलुंडला ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या पत्र्यांचा कारखाना होता. भारतातला असा पहिला कारखाना मध्य प्रदेशात कटनीजवळच्या कैमोरला १९३४ मध्ये निघाला होता.

घाटकोपरच्या कामगारांची गोष्ट महाराष्ट्रातल्या प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्यानं वाचायला हवी. मुंबईच्या ऑक्युपेशनल हेल्थ अँड सेफ्टी सेंटरचे डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी या कारखान्यातल्या २३२ कायम कामगारांपैकी १८१ जणांची तपासणी केली. निदानाची कसोटी सैल नव्हती: धुळीशी संबंध, मध्ये गेलेली पुरेशी वर्षं, एक्स-रे, श्वासाची चाचणी, सगळं जुळायला हवं होतं. ४१ जणांना ॲस्बेस्टॉसमुळे झालेला फुप्फुसाचा वा आवरणाचा विकार निघाला. म्हणजे दर पाच माणसांत एकाहून जास्त. हा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातलं एक निरीक्षण या आकड्यांहूनही बोचरं आहे. देशात ॲस्बेस्टॉसच्या संपर्कातले कामगार अंदाजे एक लाख आणि नुकसानभरपाई मिळालेले तीसहून कमी. का? लेखकांनी कारणं आडपडदा न ठेवता लिहिली: डॉक्टरांना व्यवसायजन्य आजार ओळखायचं शिक्षण नाही, ॲस्बेस्टॉसिसला टीबी किंवा जुनाट ब्राँकायटिस ठरवलं जातं, कधी कधी मुद्दाम, आणि मध्यमवर्गीय डॉक्टरचा कामगाराविषयीचा पूर्वग्रह. वैद्यकीय नियतकालिकात स्वतःच्या पेशाबद्दल इतकं स्पष्ट क्वचितच लिहिलं जातं.

'भारतात मेसोथेलिओमा फारसा नाहीच' असं म्हणणाऱ्यांनी या पार्श्वभूमीवर जरा थांबायला हवं. ब्रिटननं १९९९ मध्ये ॲस्बेस्टॉसवर बंदी आणली. त्यानंतरही तिथे दरवर्षी दोन हजारांवर माणसं या कर्करोगानं मरत आली आहेत. तिथल्या अनेक रुग्णांचा ॲस्बेस्टॉसच्या कारखान्याशी संबंधही नव्हता. सुतार, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, म्हणजे इमारतीत पत्रा-पाटी कापणारी, भोकं पाडणारी माणसं ती. भारतानं ब्रिटनपेक्षा उशिरा आणि नंतर फार मोठ्या प्रमाणावर ॲस्बेस्टॉस वापरला. मग इथे आजार कमी असण्याची दोनच कारणं संभवतात: तो अजून यायचा आहे, किंवा आलेला दिसत नाही. दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात.

दिसत नाही, कारण मोजणीची चाळणीच मोठ्या भोकांची. महाराष्ट्रात लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, वर्धा, बार्शी, धाराशिव-बीड अशा ठिकाणी चालते. यवतमाळ त्या यादीत नाही. जिल्ह्यातला कर्करोगाचा रुग्ण सेवाग्रामला जातो, सावंगीला जातो, नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयात जातो, ऐपत आणि ओळख असली तर मुंबईला टाटामध्ये. पुष्कळ जण कुठेच जात नाहीत. जनगणनेचंही तेच. २०११ च्या जनगणनेत घराच्या छताच्या प्रकारांत लोखंडी पत्रा आणि ॲस्बेस्टॉसचा पत्रा एकाच रकान्यात घातलेले आहेत. जिल्ह्यात ॲस्बेस्टॉसखाली राहणारी घरं किती, हे त्या रकान्यातून कुणालाच काढता येत नाही. सरकारी कागदाला दोन्ही पत्रे सारखेच.

मग यवतमाळात हा विषय कुठे भेटतो? सर्वांत आधी डोक्यावर. विदर्भात कवेलू मागे पडले त्याला वानरांनीही हातभार लावला. त्यांच्या उड्यांनी दर पावसाळ्याआधी छत शाकारावं लागे. त्यांच्या जागी आले सिमेंटचे पत्रे. टिनाइतके तापत नाहीत, गंजत नाहीत, स्वस्त पडतात. पंचेचाळीस अंशांच्या मे महिन्यात टिनाखाली बसून पाहिलेला माणूस त्यांची निवड का करतो, हे वेगळं सांगायला नको. घरं, गोठे, जिनिंगचे शेड, शाळेच्या खोल्या, बाजाराचे ओटे, सगळीकडे ते आहेत. अशा पत्र्यात साधारण दहा टक्क्यांच्या आसपास क्रायसोटाइल असतो. बाकी सिमेंट आणि राख.

इथे घाबरवणाऱ्या संदेशांपासून सावध राहायला हवं. धड असलेल्या, न फुटलेल्या पत्र्याखाली राहिल्यानं उद्या कर्करोग होतो, असं नाही. तंतू सिमेंटमध्ये घट्ट असतात. धोका असतो तो पत्रा कापताना, ड्रिलनं भोक पाडताना, घासताना, फोडताना आणि जुना होऊन त्याचा पृष्ठभाग झिजू लागल्यावर. ग्राइंडर लावून पत्रा कापणाऱ्या मिस्त्रीच्या चेहऱ्याभोवती जो पांढरा ढग उठतो, खरी भीती त्या ढगाची. फेब्रुवारी-मार्चच्या गारपिटीत पत्रे फुटतात, तेव्हा त्यांचे तुकडे बायका झाडून गोळा करतात, काही जण खड्ड्यात भर घालायला वापरतात, वरून ट्रॅक्टर जातो. सुरक्षित ठरवता येईल अशी मात्रा विज्ञानाला सापडलेली नाही. मात्र धूळ जितकी जास्त आणि जितकी वर्षं, तितका धोका जास्त, हे नक्की. मिस्त्री आणि बांधकामावरच्या मजुरांची काळजी घरमालकाच्या काळजीहून आधी येते ती यामुळे.

पाणीपुरवठ्याच्या जुन्या योजनांतले एसी पाईप हेही ॲस्बेस्टॉस सिमेंटचेच. त्यातून आलेलं पाणी प्यायल्यानं कर्करोग होतो, असा ठाम पुरावा नाही. पाईप कापणाऱ्या आणि जोडणाऱ्या माणसाची गोष्ट वेगळी. गॅरेजमध्ये हवेच्या झोतानं ब्रेक ड्रम साफ करणारा पोरगाही त्याच यादीत येतो. आणि यवतमाळ-मूर्तिजापूर 'शकुंतला' रेल्वे? १९२१ मध्ये मँचेस्टरला बांधलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत धावलं. वाफेच्या इंजिनांच्या बॉयलरवर ॲस्बेस्टॉसचं वेष्टण चढवणं ही त्या काळी जगभरची रीत होती. इंग्लंडमधल्या स्विंडन या रेल्वे कारखान्यांच्या गावात मेसोथेलिओमाला लोक 'स्विंडनचा आजार' म्हणू लागले, इतके तिथले कामगार त्यानं गेले. शकुंतलेच्या आठवणी आपल्याकडे बहुधा हळव्या सुरात लिहिल्या जातात. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये उमेदीची वर्षं घालवलेल्या म्हाताऱ्यांना डॉक्टरांनी तिच्याविषयी वेगळ्या कारणानंही विचारावं.

त्याहून मोठा गट स्थलांतरितांचा. पुसद, उमरखेड, महागाव, दारव्हा, घाटंजी इथून माणसं पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी बाहेर पडली: ऊसतोडीला, वीटभट्ट्यांवर, मुंबई-पुण्याच्या बांधकामांवर आणि कारखान्यांत. धूळ मिळते तिकडे आणि दम लागतो इकडे. नागपूर-वर्ध्याच्या नोंदणीत किंवा यवतमाळच्या ओपीडीत 'शेतमजूर' एवढाच व्यवसाय लिहिला गेला, तर मधली बाहेरच्या कामाची वर्षं कागदावरून गायब होतात. आणि कारण त्याच वर्षांत असतं.

एक गफलत मात्र टाळायची. प्रत्येक धूळ म्हणजे ॲस्बेस्टॉस नव्हे. वणीच्या कोळसा खाणींत कोळशाची धूळ आहे, गिट्टीच्या क्रशरवर सिलिकाची, जिनिंगमध्ये कापसाची. प्रत्येकीचा आजार निराळा: काळं पडलेलं फुप्फुस, सिलिकोसिस, बिसिनोसिस. तेही दुर्लक्षित आहेत आणि त्यांच्यासाठी वेगळं लिहायला हवं. पण मेसोथेलिओमा त्यांच्यामुळे होत नाही. तंतुमय खनिज मात्र कारखान्याशिवायही घात करू शकतं. तुर्कस्तानातल्या कापादोकिया भागात कराइन नावाचं खेडं आहे. तिथल्या दगडात एरिओनाइट नावाचं खनिज आहे आणि घरं त्याच दगडाची. ना खाण, ना कारखाना, तरी त्या गावातल्या मृत्यूंचा मोठा हिस्सा मेसोथेलिओमाचा निघाला.

कायद्याची बाजू कागदावर बरी आहे. २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या याचिकेवर निकाल देताना कामगाराचं आरोग्य हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग ठरवला. ॲस्बेस्टॉस कारखान्यांनी प्रत्येक कामगाराची आरोग्य-नोंद नोकरीच्या सुरुवातीपासून ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यांतली जी मुदत नंतर संपेल तोवर जपावी, असा आदेश दिला. आजार सिद्ध झालेल्या कामगाराला कारखान्यानं एक लाख रुपये द्यावेत, असंही सांगितलं. चाळीस वर्षं हा आकडा न्यायालयानं उगाच निवडला नव्हता. आजाराचं घड्याळच तसं चालतं. नंतर, २०११ मध्ये, सरसकट बंदी मागणारी दुसरी याचिका त्याच न्यायालयानं फेटाळली. देशात ॲस्बेस्टॉसच्या खाणींना नवे परवाने देणं १९८६ पासून थांबलं. आयात थांबली नाही. रशिया, कझाकस्तान, ब्राझील इथून आजही दरवर्षी लाखो टन क्रायसोटाइल भारतात येतो, आणि त्यातला बहुतेक पत्र्यांत जातो. आपल्या मातीतून काढायला धोकादायक ठरलेला पदार्थ जहाजातून उतरला की निर्धोक कसा होतो, याचं पटणारं उत्तर कोणत्याही सरकारनं दिलेलं नाही. रॉटरडॅम करारात क्रायसोटाइलला घातक रसायनांच्या यादीत घालण्याचा प्रस्ताव आला तेव्हा २०११ मध्ये भारतानं पाठिंबा दिला, सभागृहानं टाळ्या वाजवल्या. २०१३ मध्ये भारत पुन्हा विरोधकांच्या बाकावर जाऊन बसला. यादीत नाव आल्यानं बंदी येत नव्हती. विकणाऱ्यानं धोका आधी कळवायचा, एवढंच बंधन येणार होतं.

जपानला याच विषयानं २००५ मध्ये हादरवलं. आमागासाकी शहरात कुबोता कंपनीच्या जुन्या पाईप कारखान्याभोवती राहणाऱ्या, तिथे कधीही काम न केलेल्या माणसांना मेसोथेलिओमा झाल्याचं उघड झालं, आणि त्यानंतर सरकारनं भरपाईचा स्वतंत्र कायदा केला. साठहून जास्त देशांत आज ॲस्बेस्टॉसवर बंदी आहे. नेपाळही त्यांत आहे.

उपचारांविषयी खोटी आशा दाखवणं बरं नव्हे. २००३ मध्ये पेमेट्रेक्सेड आणि सिस्प्लाटिन ही जोडी आली तेव्हा चाचणीतलं सरासरी आयुष्य सुमारे नऊ महिन्यांवरून बारा महिन्यांवर गेलं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इम्युनोथेरपीच्या चाचणीत ते चौदावरून अठरा महिन्यांवर गेलं. इम्युनोथेरपीची औषधं अतिशय महाग आहेत. मोठ्या शस्त्रक्रियेचा उपयोग होतो का, याबद्दल ब्रिटनमधल्या अलीकडच्या मोठ्या चाचणीचं उत्तर निराशाजनक आलं. छातीतलं पाणी पुन्हा भरू नये यासाठीचे उपाय, वेदना कमी करणं, श्वास सुसह्य करणं, हे मात्र जिल्ह्याच्या पातळीवरही होऊ शकतं आणि तेही वेळेवर निदान झालं तरच.

म्हणून या पानांचा मुख्य आग्रह औषधाबद्दल नाही, एका प्रश्नाबद्दल आहे. टीबीच्या औषधांनी दोन महिन्यांत न हटणारं छातीतलं पाणी समोर आलं की डॉक्टरांनी विचारावं: चाळीस वर्षांपूर्वी कुठे होतात, काय काम करत होतात, घरातलं कुणी कारखान्यात होतं का, त्याचे कपडे कोण धूत असे? उत्तर केसपेपरवर लिहावं आणि रुग्णाला आवरणाचा तुकडा तपासता येईल अशा रुग्णालयात लवकर पाठवावं. मिस्त्रीनं पत्रा कापायचाच असेल तर ओला करून, हातकरवतीनं, उघड्यावर, चांगला मास्क लावून कापावा; फुटलेले तुकडे कोरडे झाडू नयेत, पाणी मारून जाड पिशवीत बांधावेत, रस्त्यात भर म्हणून टाकू नयेत. नवं छत घालणाऱ्यानं दुकानात बिनॲस्बेस्टॉसचा पत्रा मागावा. तसे पत्रे मिळतात.

आणि ज्यांच्या घरात मुंबई-पुण्याहून परतलेला जुना कामगार आहे, त्यांच्यासाठी एक सूचना. ॲस्बेस्टॉसमुळे झालेला मेसोथेलिओमा नुकसानभरपाईच्या कायद्यातल्या यादीत व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला आहे. पण दावा करताना नोकरीचा पुरावा लागतो, आणि चाळीस वर्षांनी तो कारखान्याकडे मिळेल याचा भरवसा नसतो. ट्रंकेच्या तळाशी पडलेला गेटपास, पगाराची चिठ्ठी, भविष्यनिर्वाह निधीचा कागद, ईएसआयचं कार्ड, युनियनची पावती, यांतलं काहीही रद्दीत घालू नका.